खुले पत्र: डोंगरात या म्हणा, गोळ्या सोडा म्हणू नका

प्रति,
सह्याद्रीत मनःशांतीची शिबिरं, फॉरेस्ट बेदिंग आणि 'हीलिंग ट्रेक' भरवणारे सर्व संयोजक आणि लीडर

नमस्कार.

पावसाळी शिबिरांचे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरायला लागले आहेत. ताम्हिणी, भीमाशंकर, भंडारदरा, मुळशी. निघायची वेळ, गाडी कुठे थांबेल, सॅकमध्ये काय घ्यायचं, हे सगळं पूर्वीसारखंच. पण त्याच्या वर आता आजारांची नावं दिसतात: डिप्रेशन, अँग्झायटी, पॅनिक अटॅक, निद्रानाश, एखाद्या मेसेजमध्ये बायपोलरसुद्धा. खाली आश्वासन असतं की दोन-तीन दिवस जंगलात राहा, गोळ्यांची गरजच उरणार नाही. काही ठिकाणी तर स्पष्ट सांगितलेलं असतं, गोळ्या घरी ठेवून या.

हे पत्र त्या एका सूचनेबद्दल आहे.

मी तुमच्या विरोधातली नाही. पुण्यात वाढले, वेताळ टेकडी आणि सिंहगड शाळेपासून पायाखालचे. माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी खोल उदासीत जातं तर कधी अति उत्साहात वर चढतं असा आजार. तो कॉलेजात असताना आजार सुरू झाला. तेव्हापासून मी त्याच्यासोबत ओपीडीच्या बाकांवर बसले आहे आणि त्याच्यासोबत गडही चढले आहे. औषधांनी त्याला काय दिलं आणि डोंगराने काय दिलं, दोन्ही जवळून पाहिलं आहे. यातलं एक काढून घेऊन दुसरं देण्याचा सौदा जेव्हा कोणी मांडतं, तेव्हा मला गप्प बसवत नाही.

डोंगराच्या बाजूचं आधी सांगते, कारण ती बाजू खरी आहे. झाडांमध्ये वेळ घालवल्याने माणसाला बरं वाटतं याला पुरावा आहे. रॉजर उलरिक यांनी 1984 साली अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियातल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून निष्कर्ष मांडले. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले 46 रुग्ण होते. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे थोडे लवकर घरी गेले, आणि त्यांना जोरकस वेदनाशामकं कमी लागली. जपानच्या वनखात्याने 1982 मध्ये शिनरिन-योकू, म्हणजे 'वनस्नान', जंगलात निवांत वेळ घालवणं, ही कल्पना पुढे आणली. तुमच्या फॉरेस्ट बेदिंगचं मूळ तेच. 2015 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी काही लोकांना 90 मिनिटं गवताळ, झाडांच्या परिसरात चालायला लावलं आणि काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने. झाडांमधून चालून आलेल्यांच्या डोक्यात तेच ते विचार घोळणं कमी झालं होतं, आणि मेंदूच्या ज्या भागाचा या घोळण्याशी संबंध आहे त्याची हालचालही मंदावली होती. 2019 मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे 20,000 लोकांच्या पाहणीतून असं दिसलं की आठवड्याला निदान 120 मिनिटं निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात.

हे सगळं तुम्ही तुमच्या पोस्टमध्ये देता, आणि देताना खोटं काही लिहीत नाही. पण या अभ्यासांमध्ये माणसं कोण होती, ते तुमच्या पोस्टमध्ये येत नाही. स्टॅनफर्डच्या अभ्यासात 38 जण होते आणि त्यांना मानसिक आजार नव्हता. तशीच माणसं निवडली होती. इंग्लंडची पाहणी म्हणजे एका वेळी विचारलेले प्रश्न. बाहेर फिरल्याने माणसं बरी राहिली की बरी होती म्हणून बाहेर फिरू शकली, हे तिच्यातून ठरत नाही. ज्याला महिनोन् महिने अंथरुणातून उठवत नाही त्याला दुसरी शक्यता लगेच कळेल. आणि उलरिक यांच्या रुग्णांचं ऑपरेशन आधीच झालेलं होतं. झाडांनी त्यांच्या बरं होण्याला हातभार लावला. पित्ताशय सर्जननेच काढलं.

यातल्या एकाही अभ्यासात कोणाला औषध थांबवायला सांगितलेलं नव्हतं. इंग्लंडमध्ये 2021 ते 2023 या काळात सरकारने सात भागांमध्ये एक प्रयोग केला. मानसिक त्रास असलेल्या 8,000 हून अधिक लोकांना बागकाम, चालणं, रानातली कामं अशा उपक्रमांकडे पाठवलं गेलं. माझ्या मते जगातल्या चांगल्या उदाहरणांपैकी हे एक आहे. तिथे निसर्ग आरोग्यसेवेच्या आतून रुग्णापर्यंत पोचला, चालू उपचारांच्या जोडीला. तुम्हाला नमुना हवा असेल तर तो हा घ्या.

आता एक गोष्ट तुमच्या बाजूने, आणि डॉक्टरांनीही ती मोकळेपणाने सांगायला हवी. प्रत्येक उदासीला गोळी लागत नाही. सौम्य डिप्रेशनमध्ये सुरुवातीलाच सरसकट गोळ्या देऊ नयेत, असं ब्रिटनच्या आरोग्यसेवेसाठी 2022 मध्ये निघालेली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. बोलून केलेले उपचार, गटाने केलेला व्यायाम, दिनक्रम परत उभा करणं, यांना तिथे आधी जागा आहे. नोकरीत पिळून निघालेला, नातं तुटलेला, झोप बिघडलेला माणूस तुमच्यासोबत राजमाचीला आला आणि परतताना हलका झाला, तर त्याला खरंच मदत झाली आहे. त्याला 'आधी डॉक्टरकडे जा' म्हणून दारातून परत पाठवा, असं मी म्हणणार नाही.

पण तुमच्या बसमध्ये फक्त तोच बसलेला नसतो. त्याच्या शेजारच्या सीटवर बायपोलरसाठी लिथियम घेणारी मुलगी असते. मागच्या सीटवर, कानात आवाज येणं गोळ्यांमुळे थांबलेलं असा कोणी असतो. दोघंही अगदी साधे, हसतमुख दिसतात, कारण औषध काम करत असतं. तुम्ही माइक हातात घेऊन सगळ्यांना मिळून एकच वाक्य सांगता आणि ते या दोघांच्याही कानावर पडतं.

माझ्या भावाच्या कानावर ते पडलं. शिबिराचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका शिबिराचा नाही. रात्री शेकोटीभोवती गोल करून बसले होते. लीडरने सांगितलं की रसायनं माणसाला स्वतःपासून तोडतात, ज्याला धीर असेल त्याने आज ती सोडावीत. भावाने सगळ्यांसमोर गोळ्यांची पट्टी विझत्या निखाऱ्यात टाकली. टाळ्या झाल्या. परत आला तो खरंच खुशीत. पहाटे चारला उठायचा, टेकडीवर जायचा, भराभर बोलायचा, नव्या व्यवसायाच्या योजना मांडायचा. त्याने त्या शिबिराला लांबलचक अभिप्राय लिहून पाठवला, की इतकं मोकळं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. तो अभिप्राय त्यांनी जाहिरातीत वापरला. ज्यांनी बायपोलर घरात पाहिला आहे त्यांना एव्हाना कळलं असेल की ते मोकळं वाटणं म्हणजे आजार वर चढायला लागल्याचं लक्षण होतं. जाहिरात फिरत होती तेव्हा तो वॉर्डमध्ये दाखल होता, आणि घरावर कर्ज होतं.

हे सांगण्यामागे कोणाचा सूड घ्यायचा नाही. गोळी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे फसवे असतात, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगते आहे. हातांची थरथर थांबते, सुस्ती जाते, डोकं लख्ख वाटतं. त्याच दिवसांत तुम्ही अभिप्राय मागता. आजार परततो तेव्हा तुमचा ग्रुप पुढच्या ट्रेकच्या तयारीत असतो आणि रुग्णालयात घरचे असतात. म्हणून तुमच्यापर्यंत फक्त यशाच्या कहाण्या पोचतात. तुम्ही जाणूनबुजून लपवत असाल असं मला वाटत नाही. दुसरा भाग तुम्हाला दिसतच नाही.

औषध थांबवल्यावर काय होतं यावर भरपूर काम झालेलं आहे. स्किझोफ्रेनिया, म्हणजे ज्यात आवाज ऐकू येतात, भास होतात तो आजार, त्याच्या 65 अभ्यासांचा एकत्र आढावा 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. औषध चालू ठेवलेल्यांपैकी वर्षभरात 27 टक्के लोकांचा आजार परतला. थांबवलेल्यांपैकी 64 टक्के लोकांचा. डिप्रेशनबद्दल 2021 मध्ये इंग्लंडमधला एक मोठा अभ्यास आला. त्यातले लोक बरेच दिवस गोळ्या घेत होते, बरे होते, आणि थांबवायला तयार होते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, डोस हळूहळू कमी करत नेऊनही वर्षभरात 56 टक्के लोकांचं डिप्रेशन परतलं. गोळ्या चालू ठेवणाऱ्यांमध्ये ते प्रमाण 39 टक्के होतं. याच आकड्यांची दुसरी बाजूही आहे: थांबवलेल्यांपैकी 44 टक्के लोक वर्षभर ठीक राहिले. गोळी कधीच सुटत नाही, हे खरं नाही. ती कोणाची सुटेल, कशी आणि किती सावकाश, हे शेकोटीभोवती ठरत नाही. झोपेच्या काही गोळ्या एकदम थांबवल्या तर फिट येऊ शकते. डिप्रेशनच्या काही गोळ्या अचानक सोडल्या तर चक्कर, मळमळ आणि डोक्यात करंट लागल्यासारखे झटके येतात, आणि कड्याच्या वाटेवर चक्कर येणं म्हणजे काय ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आता तुमच्या कामाशी थेट संबंध असलेली गोष्ट, जी ट्रेकच्या एकाही माहितीपत्रकात माझ्या पाहण्यात आलेली नाही. समजा कोणी गोळ्या नियमाने घेत तुमच्यासोबत आला. तरीही काही औषधं आणि डोंगर यांचं आपसात नातं आहे, आणि लीडरला ते माहीत असायला हवं.

लिथियम हे क्षार आहे. ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं. उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यातलं अंतर फार थोडं असतं, म्हणून तर रक्तातली पातळी अधूनमधून तपासावी लागते. घाम खूप गेला, पाणी आणि मीठ कमी पडलं, जुलाब किंवा उलट्या झाल्या, की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि पातळी चढते. मे महिन्यातली कळसूबाईची चढण आठवा. हात जोरात थरथरतात, चालताना तोल जातो, बोलणं जड होतं, ग्लानी येते. लीडरला वाटतं माणूस दमला आहे. त्याला सावलीत बसवलं जातं आणि अंग दुखतंय म्हणाला तर प्रथमोपचाराच्या पेटीतून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दिलं जातं. ही दोन्ही वेदनाशामकं लिथियमची पातळी आणखी वाढवतात. अशा माणसाला खाली उतरवून रुग्णालयात न्यायचं असतं, आणि तिथल्या डॉक्टरला 'हा लिथियमवर आहे' हे सांगायचं असतं. तुम्हाला ते माहीत नसेल तर तुम्ही सांगणार कसे?

स्किझोफ्रेनियावरच्या बऱ्याच औषधांमुळे, आणि त्यांच्या जोडीला दिल्या जाणाऱ्या थरथरीवरच्या गोळ्यांमुळे, शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची ताकद कमी होते. काहींची कातडी उन्हात लवकर भाजते. असा माणूस उन्हात इतरांच्या आधी कोसळू शकतो.

आणि झोप. याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. शनिवारी रात्री अकराला पुण्यातून किंवा ठाण्यातून बस सुटते, पहाटे दोनला पायथ्याचं गाव येतं, हेडलॅम्प लावून चढाई, सूर्योदय शिखरावर, संध्याकाळी परत. निरोगी माणसाला सोमवारी थोडं जड जातं. बायपोलर असलेल्याला एक रात्र सलग न झोपणं हेच आजार वर चढायचं कारण ठरू शकतं. घरी आम्ही गोळ्यांइतकंच झोपेला जपतो. काजव्यांचा मोसम आला की भंडारदऱ्याच्या रात्रीच्या फेऱ्यांना भाऊ येत नाही. त्याला काजवे आवडत नाहीत म्हणून नव्हे. एकदा आम्ही तिथे मुक्काम केला, काजवे पाहून दहाला झोपलो आणि सकाळी रतनवाडीला गेलो. असं जमतं. पण त्यासाठी कार्यक्रम आखणाऱ्याने ही गोष्ट आधीच लक्षात ठेवलेली असावी लागते.

एकांताचंही तसंच. प्रत्येकाला दूर दूर बसवून तासभर शांत राहायला सांगणं बहुतेकांना सुखाचं वाटतं. ज्याला आवाज ऐकू येतात त्याला त्या शांततेत ते आणखी मोठ्याने ऐकू येऊ शकतात. आणि ज्याच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार आहेत त्याला कड्याजवळ एकटं बसवू नका. त्याला शांतपणे, थेट विचारा की असे विचार येतात का. विचारल्याने ते वाढत नाहीत, हे आता पक्कं माहीत आहे. उलट कोणीतरी विचारलं याने माणसाला बोलायला वाट मिळते.

लोक तुमच्याकडे का येतात, ते मला कळतं. देशात लाखामागे एकही मनोविकारतज्ज्ञ नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचं आढळलं, आणि बहुतेक आजारांत दहापैकी सात ते नऊ जणांना उपचार मिळत नव्हते. जे पोचतात त्यांना ओपीडीत पाच मिनिटं मिळतात. गोळ्यांनी वजन वाढतं, तोंड कोरडं पडतं, लग्नाच्या बोलणीत औषधाची पट्टी लपवावी लागते. तुमच्या शिबिरात कोणीतरी नाव विचारतं, हातात चहा देतं, रडू आलं तर रडू देतं. डॉक्टरांनी आणि सरकारने हे वाचलं तर त्यांनाही माझं सांगणं आहे की माणसं जंगलाकडे पळतात, त्याचं एक कारण तुमच्या दारातल्या रांगा आहेत.

पण झाडं-माती एवढ्यानेच मन सावरलं असतं तर आपल्या राज्याचं चित्र वेगळं असतं. यवतमाळचा शेतकरी जन्मभर उघड्या आभाळाखाली असतो. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत सरकारला 2015 मध्ये शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू करावा लागला. कर्ज, नापिकी, घरातलं एकटेपण, आणि त्याच्या जोडीला उपचार न मिळालेलं डिप्रेशन: यातलं काहीही बांधावरच्या झाडाच्या सावलीने जात नाही. निसर्ग हा औषधाला पर्याय आहे, असं तुम्ही म्हणता तेव्हा त्या घरांचा विचार करा.

तुमच्यासारखे, डॉक्टर नसलेले लोक फार मोठं काम करू शकतात याचं उदाहरण शेजारी गोव्यातच आहे. 'संगत' या संस्थेने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये मध्यम ते तीव्र डिप्रेशन असलेल्या सुमारे 500 रुग्णांवर अभ्यास केला. स्थानिक, सामान्य शिक्षण झालेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींमध्ये रुग्णाला पुन्हा हालतं करण्याचं काम केलं: बंद पडलेल्या गोष्टी एकेक करून परत सुरू करायच्या, घराबाहेर पडायचं, माणसांना भेटायचं. तीन महिन्यांनी त्यांच्यातल्या 64 टक्के लोकांचं डिप्रेशन ओसरलं होतं. फक्त आरोग्य केंद्रातली नेहमीची सेवा मिळालेल्यांमध्ये 39 टक्के लोकांचं. माझ्या मते टेकडीवरच्या चालण्याचं बळही बऱ्याच अंशी यातच आहे: पाय घराबाहेर पडतात आणि कोणीतरी वाट पाहत असतं. पण त्या समुपदेशकांना प्रशिक्षण होतं, त्यांच्या कामावर देखरेख होती, ते आरोग्य केंद्रात बसत होते आणि गरज पडली तर रुग्णाला पुढे पाठवत होते.

उपचारांच्या जागी दुसरंच काही बसवलं की शेवट कुठे होतो हेही देशाने पाहिलं आहे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूत एरवाडी इथल्या दर्ग्याजवळच्या एका निवासात आग लागली. बरं होण्याच्या आशेने आणून ठेवलेली माणसं साखळदंडांनी बांधलेली होती. 28 जण गेले. तुमची शिबिरं तशी नाहीत, मला माहीत आहे. तुम्ही कोणाला बांधत नाही. पण आजारी माणसाला औषधापासून दूर ठेवून श्रद्धेच्या भरवशावर सोडणं, इथून त्या वाटेची सुरुवात होते. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा गावी मीरा दातार दर्ग्यात याच्या अगदी उलट घडलं. तिथे दवा आणि दुआ एकत्र आणली गेली. येणाऱ्याची प्रार्थना मुजावर, म्हणजे दर्ग्याचे सेवेकरी, थांबवत नाहीत, आणि तिथेच बसलेल्या मनोविकारतज्ज्ञाकडे त्याला पाठवतात. शतकानुशतकांच्या श्रद्धेची जागा हे करू शकली, तर ट्रेकच्या ग्रुपला ते कठीण नसावं.

कायद्याचंही सांगते. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये झाला आणि 29 मे 2018 पासून लागू आहे. मानसिक आजार असलेल्या लोकांना उपचार, देखभाल किंवा पुनर्वसनासाठी जिथे ठेवलं जातं त्या जागेची नोंदणी त्याने बंधनकारक केली आहे. योग आणि निसर्गोपचाराच्या जागाही त्यात येतात. जाहिरातीत आजाराचं नाव घालून निवासी शिबिर भरवताना तुम्ही स्वतःला कुठे उभं करता आहात, ते एकदा वकिलाला विचारा. साहसी पर्यटनाच्या 2021 च्या धोरणानंतर तुमच्यापैकी अनेकांनी नोंदणी केली, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलं, दोर आणि हेल्मेट सुधारली. तितकीच काळजी मनाच्या बाबतीत घ्या.

माझं मागणं फार मोठं नाही. जाहिरातीतून 'गोळ्यांपासून मुक्ती' काढा आणि आजारांच्या नावापुढे 'बरा होतो' लिहू नका. 'मन हलकं होतं' लिहा, ते खरं आहे. बुकिंगच्या फॉर्ममध्ये दमा, रक्तदाब, हृदयविकार विचारता, तिथेच नेहमीची औषधं कोणती आणि डॉक्टरांचा नंबर काय, हे विचारा. उत्तर फक्त लीडरने वाचायचं, ग्रुपवर टाकायचं नाही. आणि ते वाचून कोणाचं बुकिंग नाकारू नका. नाकारलं तर लोक लपवतील, आणि मग धोका आजच्यापेक्षा वाढेल. निघण्याच्या आदल्या दिवशीच्या मेसेजमध्ये टॉर्च आणि रेनकोटच्या जोडीला 'तुमच्या रोजच्या गोळ्या, एक दिवसाच्या जादा, सोबत आणा' असं लिहा. रात्री जेवणानंतर 'ज्यांच्या गोळ्या आहेत त्यांनी घेऊन टाका' असं लीडरने सहज म्हणावं, जसं पाण्याच्या बाटल्या भरून घ्या म्हणतो. टाळ्या वाजवायच्या तर त्याला वाजवा. कार्यक्रमात एक तरी शिबिर असं असू द्या ज्यात रात्रीची चढाई नाही आणि सहा-सात तास सलग झोप आहे. पेटीत पॅरासिटामॉल आणि मीठ-साखरेची पाकिटं पुढे ठेवा, आणि लिथियमवर असलेल्याला दुसरं वेदनाशामक देऊ नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लीडरच्या फोनमध्ये सेव्ह असू द्या. 2022 पासूनची सरकारी सेवा आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि शिबिरानंतर दोन-तीन महिन्यांनी प्रत्येकाला एक फोन करा. अभिप्राय तेव्हा मागा.

ज्यांना तुमच्या शिबिराचे पाच-सात हजार परवडत नाहीत त्यांनाही सांगा की आठवड्याचे दोन तास तळजाईवर, पर्वतीमागे, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, नागपुरात अंबाझरीला फुकट किंवा थोडक्या तिकिटात मिळतात. आणि वेताळ टेकडीतून रस्ता काढायची चर्चा पुन्हा सुरू होईल तेव्हा आमच्यासोबत उभे राहा. जंगलाने मन सावरतं असं म्हणणाऱ्यांचा आवाज तिथे हवा आहे.

फॉर्ममध्ये छापण्यासाठी खालचा मजकूर देते. बदल सुचवायचा असेल तर जरूर सुचवा, एखाद्या मनोविकारतज्ज्ञाला दाखवून घ्या, पण या पावसाळ्याचे फॉर्म निघण्याआधी तो त्यात येऊ द्या:

'हे शिबिर उपचारांना पर्याय नाही. तुमची औषधं चालू ठेवा आणि सोबत आणा. औषध कमी करायचं किंवा थांबवायचं असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. तुम्ही कोणती औषधं घेता ते लीडरला कळवा. ती माहिती गुप्त राहील आणि तिच्यामुळे तुमचा प्रवेश नाकारला जाणार नाही.'

आपली,
एका रुग्णाची ताई
पुणे